पडदेवाल्या बाई

पौडजवळच्या रिहे गावात बाईंचं घर विचारलं की माणूस आधी उलट विचारायचा, "पडदेवाल्या बाईंचं व्हय?" आणि मगच हात करायचा. बाईंनी जन्मात एक पडदा शिवलेला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या खिडक्यांनासुद्धा पडदे नव्हते. पुढच्या खोलीच्या काचांना आतून काळा कागद डकवलेला होता, आणि तोही कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेला.

झालं होतं असं, की कॉलेजातून निवृत्त होऊन काही वर्षांनी बाई नव्यानं इथं राहायला आल्या, तेव्हा दूध घालणाऱ्या बबनमामांनी विचारलं, "बाई, तुमी करता काय?" बाई म्हणाल्या, "पडदे करते." एवढं पुरलं. मामांच्या किटल्या ज्या ज्या दारात जात, त्या त्या दारात ही बातमी गेली. महिन्याभरानं पौडकडचा एक मंगल कार्यालयवाला मोटरसायकलवर मापाची पट्टी घेऊन हजर. मी तेव्हा नवीन होते, अंगण झाडत होते.

"हितं पडदं मिळत्यात म्हनं?"

"मिळतात की," बाई म्हणाल्या. "केवढी खिडकी आहे?"

"साडेचार बाय सहा. अशा बारा हायेत."

"अरेरे. माझा पडदा एक मिलिमीटरचा असतो."

"जाडीला?"

"रुंदीला. जाडीचं विचारू नका, चक्कर येईल. आणि पाण्यातच टिकतो. दहा मिनिटं."

त्या माणसानं मापाची पट्टी गुंडाळली. मग हळू आवाजात म्हणाला, "आन् रंग?"

"काळा. जमला तर."

तो गेला. जाताना माझ्याकडं बघून त्यानं कपाळाजवळ बोट गोल फिरवलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना इतकं हसू आलं, की पायरीवर बसून त्यांनी चष्मा पुसला. "सुनंदा, मी त्याला एक शब्द खोटा सांगितला नाही. एक शब्द नाही!"

खरं बोलून समोरच्याला गोंधळात टाकायचं, हा बाईंचा छंद होता.

मी वाशीमकडची. सातवीत असताना आई अंथरुणाला खिळली, धाकट्या दोघांना सांभाळायला म्हणून घरी राह्यले, ती राह्यलेच. पुढं लग्न झालं. आमचे हे इथं दरीतल्या एका फार्महाऊसवर वॉचमन म्हणून लागले आणि आम्ही दोन लेकरं घेऊन इतक्या लांब आलो. फार्महाऊसवर कुटुंबाला जागा नव्हती. शेजारच्या बाईंना मदतीला कुणी हवं आहे आणि त्यांच्या मागच्या अंगाला एक खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून मी गेले. शिक्षण विचारतील, मंग काय सांगायचं?

बाईंनी विचारलं, "शिक्षण?"

"सातवी... म्हंजे, सातवीत सोडली."

"बरं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखव."

मला वाटलं, पाय अधू आहे का ते बघून राह्यल्या. मी चालले. बाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. टेबलावर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला होता, त्यातल्या हलणाऱ्या पाण्यावर डोळे लावून बसल्या होत्या.

"टाचा आपटतेस," त्या म्हणाल्या. "माझ्या आधीच्या मदतनीस बाई एम.एस्सी. होत्या, त्या हत्तीसारख्या चालायच्या. तू शिकशील. उद्यापासून ये."

माझी परीक्षा त्या पेल्यानं घेतली आणि पास केली. खोली मिळाली, पोरं पौडच्या शाळेत घातली. त्या दिवसापासून मी बाईंच्या घरात मांजरीसारखी चालते. आता बाई इथं नाहीत, पण टाच अजून खाली टेकत नाही.

पुढच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलं होतं, 'आत पडदा आहे. शिंका बाहेर.' आत एक भलीमोठी शहाबादी फरशी, ती सायकलच्या चार फुगवलेल्या ट्यूबांवर ठेवलेली. रस्त्यानं खडीचा ट्रक गेला तरी हादरा वर पोचू नये म्हणून. फरशीवर जाळीचा पिंजरा, घरातल्या विजेची लुडबुड आत होऊ नये म्हणून. पिंजऱ्यात काचेचं भांडं, त्यात एक छोटा पांढरा कप, आणि त्या कपाच्या भिंतीला सुईनं पाडल्यासारखं एक भोक. कपात मिठाचं पाणी, बाहेर मिठाचं पाणी. त्या भोकावर बाई चित्रकलेच्या सगळ्यात बारीक ब्रशानं एक थेंब फिरवायच्या. तो थेंब म्हणजे अंड्याच्या बलकातून काढलेली चरबी आणि पालकाच्या पानातला हिरवा रंग, औषधाच्या तेलात विरघळवलेला. भोकावर त्याचा पडदा धरायचा. हाच तो पडदा.

पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात होते आणि आतून बाई ओरडल्या, "काळं झालं! सुनंदा, काळं झालं!"

मी धावत जाऊन गॅस बंद केला. कुकर उतरवला. झाकण काढून बघते तर भात पांढराशुभ्र. तोवर बाई पुन्हा, "अगं ये ना! काळं झालं!" मी पातेल्यासकट आत गेले. माझ्या पावलांनी तो पडदा फुटला. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, भाताकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझ्या प्रयोगाजवळ कुणी भात आणला नव्हता."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. मला वाटलं, गेली खोली. बाईंनी मला स्टुलावर बसवलं, दुसरा पडदा केला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. आधी नुसतं करडं. मग साबणाच्या फुग्यावर असतात तसे रंग आले. हिरवा, जांभळा, पिवळा, एकाखाली एक घरंगळत. मग खालच्या काठाला एक काळा ठिपका पडला. तो शाईसारखा पसरत वर आला आणि सगळे रंग त्यानं गिळले.

"काळं झालं," मी म्हणाले.

"काळं झालं म्हणजे जमलं," बाई म्हणाल्या. "पडदा इतका पातळ झाला की पुढून परतणारा उजेड आणि मागून परतणारा उजेड एकमेकांना खाऊन टाकतात. पानाच्या आत असे पडदे खच्चून भरलेले असतात. ऊन पडलं की पान तिथं बारीकशी वीज करतं आणि त्यावर जेवतं. मला एवढंच बघायचंय, की पान बाजूला ठेवलं, नुसता पडदा आणि हिरवा रंग घेतला, तर दिवा लावल्यावर वीज येते का आणि किती."

भांड्यात आत एक आणि बाहेर एक अशा चांदीच्या दोन तारा बुडवलेल्या होत्या. त्या एका जुन्या काट्याच्या यंत्राला जोडलेल्या. दिवा लावला की काटा सरकायचा. पंधरा घरं. बंद केला की परत यायचा. पहिल्यांदा तो काटा हलताना पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हे बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुझा किती घरं सरकला?"

या सगळ्याला रोज दोन मुठी पालक लागायचा. बबनमामा रोज जुडीभर आणायचे. उरलेल्या पालकाची भाजी, भजी, पराठे, पिठलं. माझी पोरं शाळेत डबा उघडायची तेव्हा बाकीची पोरं "हिरवं आलं!" म्हणून ओरडायची. मामांची मात्र वेगळीच आशा होती. ते खिडकीतून विचारायचे, "बाई, आज किती करंट आला?"

"आला थोडा."

"माझा पंप कवा चालंल त्याच्यावर?"

"चालेल की. समोरचं धरण आहे ना, ते पाण्याऐवजी पालकानं भरा. मग बघू."

मामा गंभीरपणे धरणाच्या दिशेला बघायचे. "लई पालक लागंल," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी न सांगता दोन जुड्या आणायचे.

बाईंना माझी एकच गोष्ट सहन व्हायची नाही. माझं 'हो बाई'. मला काही कळलं नाही तरी मी 'हो बाई' म्हणायची. परक्या मुलखात राहायचं, डोक्यावर छप्पर त्यांचं, मंग दुसरं काय म्हणणार? सासरी तेच केलं, इथं तेच. बाईंच्या हे लवकर लक्षात आलं. एकदा भांडी विसळताना मागून म्हणाल्या, "सुनंदा, पालक झोपेत घोरतो ना?"

"हो बाई."

"आणि काल मी उडत पौडला गेले होते, ते तू पाहिलंस ना?"

"हो बा..." इथं मी थांबले.

बाई म्हणाल्या, "अगं, मी म्हणते नाही, तुम्ही वऱ्हाडात म्हणता नाई, बबनराव म्हणतात न्हाई. मराठीत एवढी सोय करून ठेवलीय आणि तू त्यातलं एकही वापरत नाहीस! मला हो म्हणणारं माणूस नकोय. हो म्हणायला हा काटा आहे. नाही म्हणायला कोण आहे?"

मग शिक्षा ठरली. न समजता 'हो बाई' म्हटलं की अंगणातल्या पेरूच्या झाडासमोर उभं राहून तिन्ही प्रकारे नकार म्हणायचा, मोठ्यानं. पहिल्या महिन्यात त्या झाडानं माझ्याकडून एवढं 'नाही, नाई, न्हाई' ऐकलं, की एकदा बबनमामा किटली खाली ठेवून बघतच राहिले. "वैनी, झाड काय मागतंया तुमच्याकडं?"

दुसरी शिस्त वहीची. रोज लिहायचं. तारीख, वेळ, काय केलं, काय दिसलं. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. बाई चुका दुरुस्त करायच्या नाहीत. फक्त एका गोष्टीवर लाल पेन्सिल चालायची. मी लिहिलं, 'आज पडदा छान झाला', की 'छान' वर काट. "छान किती मिनिटं?" मी लिहिलं, 'काटा हलल्यासारखा वाटला', की 'वाटला' वर काट. "दिसलं ते पुढच्या पानावर. वाटलं ते वहीच्या मागच्या पानावर. मागची पानं तुझी, मी वाचणार नाही." आणि खरंच वाचायच्या नाहीत. मागून मी काय काय लिहायची. आईची आठवण, पोरीचा ताप, बाई आज कोणाशी भांडल्या. आत्ता हे लिहिते आहे, तेसुद्धा मागूनच.

पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, बाईंनी पाहुण्यांना बोलावलं. तरुणपणी त्यांच्याबरोबर काम केलेले चौघं, आता सगळे म्हातारे. त्यातल्या एकांना बाई 'मोठे सर' म्हणायच्या, म्हणायच्या मात्र नाक मुरडून. चाळीस वर्षांपूर्वी बाईंनी असाच पडदा केला होता, अशाच तारा, असाच दिवा, आणि काटा पंधरा घरं सरकला होता. मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हे पानाचं नाही, दिव्याच्या उष्णतेचं आहे." बाईंचं तेव्हा कुणी ऐकलं नाही. पुढं काम सुटलं, शिकवण्यात वर्षं गेली. आता दिव्यापुढं पाण्याची बाटली ठेवून, उष्णता अडवून, बाईंनी तेच पुन्हा केलं होतं. पंधरा घरं. "रविवारी येऊ देत," बाई म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात एक गिरकी घ्यायच्या. सत्तरीच्या बाई, गुडघ्याला पट्टा, आणि गिरकी.

शुक्रवारी बाई डोळे दाखवायला पौडला गेल्या. मी भांडं धुतलं, कपात नवीन मिठाचं पाणी भरलं, तारा परत बुडवल्या. पडदा केलेला नव्हता, भोक उघडं होतं. काचेवर डाग राहिला का बघावं म्हणून मी दिवा लावला.

काटा हलला.

मी दिवा बंद केला. काटा मागं आला. परत लावला. अकरा घरं. मी पाच वेळा केलं. पाचही वेळा अकरा. मग दिव्याला हातानं आडोसा केला, उजेड भोकावर पडू दिला पण तारेवर पडू दिला नाही. काटा गप्प. हात काढला, तार चमकली, काटा हलला.

मला विज्ञान येत नाही. पण बाईंनीच शिकवलं होतं, पडदा नसेल तर काही व्हायला नको. आणि व्हायलं होतं. मी वही उलटी केली आणि मागच्या पानावर लिहिलं. 'पडदा नाही. दिवा लावला. काटा हलला.' पुढच्या पानावर लिहायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू कायले मधात पडतं? मोठ्या लोकाईचं हाय ते. बाई चिडल्या आन् खोली गेली, मंग पोरं घेऊन वाशीमले जाशीन?" खरं होतं. पोरगी नुकतीच वर्गात पहिली आली होती. मी गप्प राहायचं ठरवलं. शनिवारी सकाळी बाईंना चहा दिला. बाई चहा गार करून प्यायच्या, साय धरेपर्यंत. त्या दिवशी त्या गाणं गुणगुणत होत्या.

"सगळं तयार ना, सुनंदा?"

"हो बाई."

चहावर साय धरली. मी तिथंच उभी. पेरूचं झाड खिडकीतून दिसत होतं.

"नाई बाई," मी म्हणाले.

"काय नाई?"

मी त्यांना आत नेलं आणि करून दाखवलं. बोलता येत नव्हतं, म्हणून नुसतं केलं. भोक उघडं, दिवा, अकरा. हाताचा आडोसा, शून्य. बाई स्टुलावर बसल्या. हलकेच त्या चांदीच्या तारेला हात लावला, जसा आजारी पोराला लावतात. मग म्हणाल्या, "तू जा जरा." आणि दार लावून घेतलं.

मी मागच्या खोलीत गेले आणि गोणीत भांडी भरायला लागले. कुकर, परात, पोरांची दप्तरं. तासभर गेला असेल. बाई दुपारी जेवल्या नाहीत. मी ताट दाराशी ठेवलं होतं, ते तसंच. त्यांच्या खोलीतून एकदा नाक शिंकरल्याचा आवाज आला. दारावर खडूनं लिहिलेलं मी वाचलं, 'शिंका बाहेर', आणि मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या प्रहरी दार धाडकन उघडलं. बाईंचे डोळे लाल, पण ओठाच्या कोपऱ्यात ते नेहमीचं.

"फोटोची फिल्म पाहिलीस कधी? जुनी, रीळवाली? तिच्यावर चांदीचंच मीठ असतं. उजेड दिसला की ते बोलतं. माझ्या तारांवर तेच मीठ बसलंय. मला माहीत होतं गं! पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हे शिकवायची! आणि तारा झाकल्या नाहीत. म्हणजे मोठे सर चुकले आणि मीही चुकले. चाळीस वर्षं दोघं मिळून चुकीचं भांडलो." मग त्यांचं लक्ष माझ्या गोणीकडं गेलं. "हे काय? कुठं चाललीस?"

"तुम्ही काढून टाकाल म्हणून..."

"काढून? अगं वेडे, आज तू या घरात पहिल्यांदा कामाला लागलीस. भांडी लाव आणि बबनरावांना सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब, ती बारीक रबरी नळी, आणायला सांग, तारा झाकायला. काळी. आणि उद्या मी विचारलं की दिसतं ते सांगायचं. बाकी तोंड बंद."

रविवारी चौघं आले. पुण्यात चांदणी चौकाच्या गर्दीत अडकल्यामुळं उशीर झाला होता, सगळे वैतागलेले. बाईंनी पालकाची भजी खाऊ घातली आणि आत नेलं. काळोख केला. हातात ब्रश घेतला, भोकावरून अगदी नजाकतीनं फिरवला. मी शेजारी होते. ब्रश कोरडा होता. बाटलीचं झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. व्हॉल्व्ह ट्यूब त्यांच्या पदराखाली.

"दिवा लाव, सुनंदा."

काटा अकरा घरं सरकला. पाहुण्यांनी 'वा' केलं. दिव्यापुढची पाण्याची बाटली बाईंनी बोटानं दाखवली. मोठे सर पुढं झाले, वाकले, चष्मा वर केला आणि बोलायला लागले. हिरव्या रंगानं उजेड कसा धरला, वीज पडद्याच्या या अंगाकडून त्या अंगाला कशी उडी मारते, हे त्यांनी इतकं सुंदर सांगितलं की मलासुद्धा दिसायला लागलं. शेवटी ते वळले आणि म्हणाले, "वसुधा, मी त्या वेळी चुकलो. हे उष्णतेचं नाही. हे पानाचंच आहे. मान्य."

बाईंचा चेहरा मला दिव्याच्या उजेडात दिसत होता. चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो शब्द समोर पडला होता. उचलला असता तर कुणाला कळणार होतं? मला आणि त्यांना. विचारू नका बाई, असंही वाटत होतं. विचारा बाई, असंही.

"सुनंदा," बाई म्हणाल्या, "सरांना पडदा कसा झालाय ते सांग."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गरज नव्हती, तरी लावला. दिसल्याशिवाय सांगायचं नाही ना.

"पडदा नाई सर," मी म्हणाले. "नुसतं भोक हाय."

आणि खिडकीच्या काळ्या कागदापलीकडून, उंदरानं कुरतडलेल्या कोपऱ्याशी, बबनमामांचा आवाज आला, "म्हंजी इतका येळ सायेब भोकाचं कवतिक करत व्हते व्हय?"

बाईंना हसू आवरेना. त्या टेबलाला धरून हसत होत्या, आणि सायकलच्या ट्यूबांवरची ती फरशी पहिल्यांदाच गदगद हलताना मी पाहिली. मोठे सर लाल झाले. मग त्यांनी तारांकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "चांदी!" ते म्हणाले. आणि तेही हसायला लागले.

मग खरं काम झालं. तारांना व्हॉल्व्ह ट्यूबचे काळे झगे चढवले. भोक उघडं ठेवून दिवा लावला. काटा मेल्यासारखा पडून. मग ब्रश भिजवून बाईंनी पडदा केला. मी डोळा लावून बसले. करडं, मग हिरवं, जांभळं, पिवळं. खालच्या काठाला ठिपका. बाहेर खडीचा ट्रक आला, सगळ्यांनी श्वास धरला. ट्रक गेला.

"काळं झालं," मी हळूच म्हणाले.

दिवा लावला. काटा थरथरला आणि सरकला. चार घरं. नुसत्या चरबीचा, बिनपालकाचा पडदा करून पाहिला. काही नाही. परत पालकाचा. चार.

"एवढंच?" मोठे सर म्हणाले.

"एवढंच," बाई म्हणाल्या. "पंधरातले अकरा चांदीचे होते. हे चार पानाचे."

जाताना सरांनी मला विचारलं, "शिक्षण किती झालंय तुमचं?" बाई मधेच म्हणाल्या, "नाही म्हणेपर्यंत झालंय. तुमचं माझं राहून गेलं."

त्यानंतर बाई इथं दीड वर्ष होत्या. गुडघे जास्तच दुखायला लागले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पुण्यात बावधनला भाचीकडं जायचं ठरलं. पिंजरा, फरशी, यंत्र जवळच्या एका कॉलेजला द्यायचं ठरलं आणि त्याच्याबरोबर, बाईंच्या भाषेत, 'एक नाही म्हणणारी बाई' सुद्धा. मी आता तिथंच प्रयोगशाळेत असते. मागच्या खोलीचं भाडं भाचीनं घ्यायला नकार दिला. तिलाही बाईंचं वळण आहे.

निघायच्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "एक शेवटचा पडदा करू." डोळ्यावर ऑपरेशनचा तो मोठा काळा चष्मा. ब्रश त्यांनी फिरवला, सूक्ष्मदर्शक माझ्याकडं. भाची दारात गाडीची किल्ली वाजवत उभी.

मी बघत बसले. करडं. पाच मिनिटं करडंच. रंग येईनात.

"झालं का काळं?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज असा होता, की त्यांना होच ऐकायचंय. त्यांना दिसत नव्हतं. मी हो म्हणाले असते तर त्या हसत गेल्या असत्या. शेवटचा दिवस, एक शब्द. जिभेवर आला होता.

"नाई बाई," मी म्हणाले. "रंगबी नाई येऊन राह्यले. हे पडद्यावानी नाई दिसून राह्यलं."

बाईंनी टाळी वाजवली. "कसं येईल? खोबरेल तेल आहे ते. तुझ्याच बाटलीतलं."

भाची म्हणाली, "मावशी, आज तरी!"

फाटकाशी बबनमामांनी गाडीच्या डिकीत पालकाच्या चार जुड्या ठेवल्या. "तिकडं पंपाचं बघा जरा," म्हणाले. बाई पुढच्या सीटवर बसल्या, काच खाली केली.

"रडतेस का?"

"नाई बाई."

त्यांनी काळा चष्मा वर करून मला नीट पाहिलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी, बराच वेळ. "लिहिताना पुढच्या पानावर लिही," म्हणाल्या. "मला दिसलंय." मग चष्मा परत नाकावर ढकलला, त्या काळ्या काचांवर दोन बोटं टेकवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, "काळं झालं!"

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी आत आले. टाचा न टेकवता. वही काढली. पुढच्या पानावर तारीख आणि वेळ टाकली आणि लिहिलं, 'पडदा नाही. दिवा नाही. काटा हलला.'